डार्बीचा क्वेकर शेतकरी जॉन बार्ट्रम आणि त्याच्या घराण्याचा वारसा

दप्तरदार (धागाकर्ता)

अमेरिकेच्या वसाहतकाळाविषयी मराठीत वाचायला मिळते ते बहुधा बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला गेला तिथपासून पुढचे. त्याआधीची शंभर वर्षे, म्हणजे इंग्लंडमधून आलेल्या साध्या कुटुंबांनी जमिनी घेतल्या, घरे बांधली, आपापल्या पंथाच्या सभा भरवल्या आणि एकमेकांत सोयरिकी केल्या तो काळ, आपल्याला जवळजवळ अनोळखी आहे. त्या काळातील एका कुटुंबाविषयी येथे लिहीत आहे. कुटुंबाचे नाव बार्ट्रम, पंथ क्वेकर आणि मूळ ठिकाण पेनसिल्व्हेनियातील डार्बी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याच्या शिकवणीतून क्वेकर पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो, त्यामुळे मध्ये धर्मगुरू नको, अशी त्यांची धारणा होती. त्यांची उपासना म्हणजे मौन धरून एकत्र बसणे आणि कोणाला आतून स्फुरले तर त्याने उभे राहून बोलणे. ते शपथ घेत नसत, शस्त्र धरत नसत, सरदारापुढेही डोक्यावरची टोपी काढत नसत आणि राज्याच्या चर्चला दशांश देत नसत. या हट्टापायी हजारोंनी तुरुंग पाहिला. समुद्रापलीकडेही सुटका नव्हती, कारण बॉस्टनच्या प्युरिटन सत्ताधाऱ्यांनी १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फाशी दिली. १६८१ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने विल्यम पेनच्या दिवंगत वडिलांचे मोठे देणे फेडण्याऐवजी पेनला अमेरिकेतील विस्तीर्ण मुलूख लिहून दिला, आणि पुढच्याच वर्षी पेन ‘वेलकम’ नावाच्या जहाजातून तिथे उतरला, तेव्हा या लोकांना स्वतःचे राज्य म्हणता येईल अशी जागा मिळाली.

त्याच सुमारास डर्बीशायरमधून एक क्वेकर शेतकरी बायकामुलांसह डार्बी येथे येऊन स्थायिक झाला. त्याचे नाव जॉन बार्ट्रम. त्याच्या मुलाचे नाव विल्यम आणि विल्यमच्या मुलाचे पुन्हा जॉन. हा नातू जॉन म्हणजेच आपला चरित्रनायक. त्याच्याही मुलांत एक विल्यम आणि एक जॉन आहेत, तेव्हा वाचकांनी पिढी लक्षात ठेवूनच वाचावे.

नातू जॉनचा जन्म जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे २३ मार्च १६९९ चा. आई लहानपणीच गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि नव्या कुटुंबासह ते नॉर्थ कॅरोलिनाला गेले. तिथे १७११ मध्ये टस्करोरा या मूळनिवासी लोकांच्या हल्ल्यात ते मारले गेले. सावत्र आई व तिची मुले कैदेत पडली आणि पुढे खंडणी देऊन सुटली. जॉन मात्र आजीजवळ डार्बीतच राहिला होता, म्हणून वाचला. काकाकडून आलेली शेती त्याने पुढे चालवली. १७२३ मध्ये मेरी मॅरिस हिच्याशी त्याचे लग्न झाले. चार वर्षांत ती वारली. १७२८ मध्ये त्याने स्कूलकिल नदीच्या पश्चिम काठावर, फिलाडेल्फियापासून काही मैलांवर, किंग्सेसिंग येथे शेरीफच्या लिलावात १०२ एकरांची शेती घेतली आणि पुढच्या वर्षी अ‍ॅन मेंडेनहॉल हिच्याशी दुसरे लग्न केले. जुन्या घराला जोडून त्याने दगडी घर वाढवले आणि त्यावर ‘जॉन, अ‍ॅन बार्ट्रम १७३१’ असे कोरले. दोन्ही लग्नांची मिळून त्याला अकरा मुले झाली.

इथवर ही कथा त्या काळच्या कोणत्याही खाऊनपिऊन सुखी क्वेकर शेतकऱ्याची आहे. वेगळेपण एवढेच, की या माणसाला झाडांचे वेड होते. शाळा जेमतेम झालेली आणि लॅटिन तोडकेमोडके. पेनचा एके काळचा सचिव जेम्स लोगन, जो स्वतः क्वेकर आणि मोठा ग्रंथसंग्राहक होता, त्याने बार्ट्रमला पुस्तके दिली आणि लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाची वनस्पतींच्या वर्गीकरणाची पद्धत समजावली. मग १७३० च्या दशकात लंडनचा कापड व्यापारी पीटर कॉलिन्सन याच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. कॉलिन्सनही क्वेकर, शिवाय रॉयल सोसायटीचा सदस्य. त्याला अमेरिकेची झाडे हवी होती आणि बार्ट्रमला ती पाठवायची होती. हा पत्रव्यवहार १७६८ मध्ये कॉलिन्सनच्या मृत्यूपर्यंत, तीस वर्षांहून अधिक काळ चालला. दोघांची प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही.

बार्ट्रमने १७३८ मध्ये व्हर्जिनिया आणि ब्लू रिज पर्वत पाहिला, १७४३ मध्ये दुभाषा कॉनरॅड वाइझर व नकाशाकार लुइस इव्हान्स यांच्याबरोबर ओनोंडागा या मूळनिवासींच्या गावापर्यंत व लेक ऑन्टेरिओपर्यंत मजल मारली आणि १७६५-६६ मध्ये, वयाच्या पासष्टीनंतर, मुलगा विल्यमसह कॅरोलिना, जॉर्जिया व फ्लोरिडा पालथे घातले. १७४३ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनबरोबर अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तो होता. १७६५ मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला ५० पौंड देऊन राजाचा वनस्पतीतज्ज्ञ नेमले.

माझा मुद्दा असा आहे. या घराण्याचा वारसा बापाकडून थोरल्या मुलाकडे असा सरळ गेला नाही. तो धंद्यात वारंवार बुडालेल्या मुलाकडून, एका नातीकडून, मावसभावाकडून आणि शेवटी आडनावाशी संबंध नसलेल्या माणसांकडून पुढे गेला. कुटुंबाने जे टिकवले ते जमिनीहून अधिक एक काम होते. पुढील चर्चेत या अंगाने भर पडावी, अशी अपेक्षा आहे.


पिंपळपान

उत्तम विषय. दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की नांगरता नांगरता बार्ट्रम झाडाखाली विसाव्याला बसला, हातातले डेझीचे फूल सहज उलगडून पाहू लागला आणि ‘इतकी वर्षे मी ही फुले नांगराखाली घातली, पण ती कशी असतात हे कधी जाणले नाही’ या विचाराने त्याचे आयुष्य पालटले, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात तथ्य किती? दुसरा प्रश्न व्यवहाराचा. अठराव्या शतकात अटलांटिक ओलांडायला जहाजाला कित्येक आठवडे लागत. खारट हवा, उंदीर, ओल आणि युद्धे यांतून बिया जिवंत पोचत तरी कशा?


दप्तरदार

डेझीची गोष्ट क्रेव्हकर या फ्रेंच वंशाच्या लेखकाच्या १७८२ च्या पुस्तकातून आली आहे. त्यात बार्ट्रमकडे आलेला एक रशियन पाहुणा ही हकीकत सांगतो. तो पाहुणा कल्पित आहे आणि गोष्टही बरीचशी सजवलेली आहे. खुद्द बार्ट्रमने उतारवयात कॉलिन्सनला लिहिले होते, की दहा वर्षांचा असल्यापासून मला वनस्पतींची ओढ होती आणि एकदा पाहिलेले झाड मी ओळखत असे, फक्त त्याचे शास्त्रीय नाव ठाऊक नसे. मला हे अधिक खरे वाटते. एका फुलाने साक्षात्कार झाला हे ऐकायला गोड आहे, पण आईबापाविना वाढलेला मुलगा रानात रमला, यात न पटण्यासारखे काहीच नाही.

पेट्यांची पद्धत अशी होती. इंग्लंडमधील बडे जमीनदार कॉलिन्सनकडे वर्गणी भरत. एका पेटीचे पाच गिनी. एका पेटीत साधारण शंभर जातींच्या बिया असत. लॉर्ड पेट्रे, रिचमंडचा ड्यूक, नॉर्फोकचा ड्यूक आणि चेल्सी येथील औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर अशी गिऱ्हाइके होती. त्यांतल्या लॉर्ड पेट्रेचा उत्साह सर्वांत दांडगा होता, पण १७४२ मध्ये तो ऐन तिशीच्या आत देवीच्या रोगाने गेला आणि बार्ट्रमचा एक मोठा आधार तुटला. बिया कागदात गुंडाळून जात. रोपांची मुळे ओली राहावीत म्हणून ती बैलाच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधावी, असा सल्ला कॉलिन्सनने दिला होता. तरीही उंदरांनी खाल्लेल्या, कुजलेल्या आणि युद्धकाळात फ्रेंचांनी जहाजासकट पळवलेल्या पेट्यांच्या तक्रारी पत्रांत जागोजागी आहेत.

वाळवलेल्या नमुन्यांची शिस्त याहून सुंदर होती. बार्ट्रम प्रत्येक झाडाचे दोन नमुने घेई आणि दोघांना एकच क्रमांक देई. एक स्वतःजवळ राही, दुसरा लंडनला जाई. कॉलिन्सन ते डिलेनियससारख्या जाणकारांना दाखवून क्रमांकापुढे नाव लिहून परत कळवी. अशा रीतीने जेमतेम शाळा शिकलेल्या शेतकऱ्याने टपालाने वनस्पतीशास्त्र शिकून घेतले.

या दोघांच्या मैत्रीत कुरबुरीही होत्या. बार्ट्रम व्हर्जिनियाला निघाला तेव्हा कॉलिन्सनने त्याला नवे कपडे शिवून घ्यायला बजावले, कारण तिकडचे लोक माणसाच्या आतल्यापेक्षा बाहेरचे अधिक पाहतात. पुढे एकदा कॉलिन्सनने भेट म्हणून धाडलेल्या टोपीला भोके असल्याची बार्ट्रमने तक्रार केली. त्यावर कॉलिन्सनने दुखावून उत्तर दिले, की कडेला एखाददुसरे भोक होते हे खरे, पण अस्तर नवे होते, आणि नको होती तर ती दुसऱ्याला देण्याऐवजी मलाच परत पाठवायची होती. साधेपणाचे व्रत घेतलेल्या दोन क्वेकरांनी महासागराच्या आरपार एका टोपीवरून रुसावे, हे मला त्यांच्या सगळ्या शास्त्रीय नोंदींइतकेच मोलाचे वाटते.


मृगशीर्ष

लेख माहितीपूर्ण आहे, पण माझ्या मते त्यात एक बाजू फार सौम्यपणे आली आहे. ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले, ती लेनापे या मूळनिवासी लोकांची होती. मध्यंतरी स्वीडिश वसाहतकरीही तिथे राहून गेले. पेनने स्वतः लेनापे लोकांशी करार करून आणि मोबदला देऊन जमीन घेतली, हे त्याच्या बाजूने सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु १७३७ मध्ये, म्हणजे बार्ट्रमची बाग वाढत होती त्याच काळात, पेनच्या मुलांनी ‘दीड दिवसात माणूस चालेल तितकी जमीन’ अशा एका जुन्या कागदाचा आधार घेतला, आधी वाट साफ करवून ठेवली, निवडक धावपटू सोडले आणि लेनापे लोकांचा प्रचंड मुलूख बळकावला. क्वेकर राज्याचा इतिहास या दोन पिढ्यांतच किती बदलला, हे यावरून दिसते.

जॉन बार्ट्रमची स्वतःची वृत्ती तर पंथाच्या शिकवणीशी उघड विसंगत होती. ज्याच्या वडिलांचा असा अंत झाला, त्याच्या मनातील भीती व चीड समजू शकते. तरीही १७६३ मध्ये मूळनिवासींशी झालेल्या युद्धाच्या वेळी त्याने कॉलिन्सनला लिहिले, की या रानटी लोकांशी कायमची शांतता हवी असेल, तर त्यांना चांगले बडवून काढणे हाच एक मार्ग आहे. शस्त्र न धरणाऱ्या पंथात वाढलेल्या माणसाच्या हातचे हे वाक्य आहे.

गुलामगिरीचेही तसेच. १६८८ मध्ये जर्मनटाउन येथील काही मंडळींनी, ज्यांत फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस होता, गुलाम ठेवण्याविरुद्ध लेखी निषेध आपल्या सभेपुढे ठेवला होता. जॉन वुलमन आणि अँथनी बेनेझे या क्वेकरांनी पुढे वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला आणि १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांविरुद्ध पावले उचलली. त्यानंतर आठ वर्षांनी, १७६६ मध्ये, जॉन बार्ट्रमने विल्यमला फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीकाठी भातशेतीचा मळा काढून दिला आणि त्यासाठी सहा गुलाम माणसे विकत घेऊन दिली. क्रेव्हकरच्या पुस्तकात मुक्त झालेले कृष्णवर्णीय कामकरी बार्ट्रमच्याच टेबलावर जेवतात. ते चित्र ज्यांना आवडते, त्यांनी हा व्यवहारही त्याच्या शेजारी मांडावा.


दप्तरदार

मृगशीर्षताई, आपण दिलेले तपशील बिनचूक आहेत आणि ते या धाग्यात असायलाच हवे होते. मी त्यांत विल्यमची हकीकत जोडतो, कारण वारशाचा खरा गुंता तिथेच आहे.

विल्यम १७३९ चा, बहीण एलिझाबेथबरोबर जन्मलेला जुळा. लहानपणापासून उत्तम चित्रे काढी. बापाला प्रश्न पडला, की चित्रांवर पोट कसे भरणार? त्याला व्यापारात घातले, तो चालला नाही. नॉर्थ कॅरोलिनात केप फियर येथे काकांजवळ दुकान मांडले, तेही बुडाले. मग फ्लोरिडाचा मळा. १७६६ च्या उन्हाळ्यात हेन्री लॉरेन्स तिथे जाऊन आला आणि त्याने जॉनला कळवले, की जागा दलदलीची आहे, झोपडी मोडकी आहे, तब्येत खालावली आहे आणि मुलगा एकटा पडला आहे. लॉरेन्स स्वतः चार्ल्सटनचा मोठा गुलामांचा व्यापारी होता. त्यालाही दया यावी, अशी अवस्था होती म्हणायची. त्या सहा माणसांची अवस्था काय होती, याविषयी पत्रात कळवळा नाही.

मळा सोडून विल्यम परतला. अखेर लंडनमधील क्वेकर वैद्य जॉन फॉदरगिल याने वर्षाला ५० पौंड देण्याचे कबूल केले आणि १७७३ मध्ये विल्यम पुन्हा दक्षिणेत गेला, या वेळी एकटा. चार वर्षांच्या भटकंतीत तो चेरोकी, क्रीक आणि सेमिनोल लोकांमध्ये राहिला. कस्कोविला गावच्या सेमिनोल प्रमुखाने त्याला ‘पुक पुगी’, म्हणजे फुले शोधणारा, असे नाव दिले. आजोबा टस्करोरा लोकांच्या हातून मेलेले, बाप त्यांना बडवा म्हणणारा, आणि हा त्यांच्या पंगतीला बसून त्यांच्या न्यायबुद्धीची व आतिथ्याची मनापासून स्तुती लिहितो. तोही निर्दोष होता असे नाही. १७७३ मध्ये ऑगस्टा येथे क्रीक व चेरोकी लोकांनी व्यापाऱ्यांच्या कर्जापोटी वीस लाखांहून अधिक एकर जमीन सोडून दिली, तेव्हा तो मोजणी करणाऱ्या तुकडीबरोबर गेला होता. मोजणीदाराच्या होकायंत्राने दाखवलेली दिशा क्रीक प्रमुखाने साफ नाकारली आणि हे दुष्ट यंत्र खोटे बोलते, आमची जमीन लुबाडते, असे सांगितले. दिशेच्या बाबतीत प्रमुखाचेच बरोबर ठरले. हा प्रसंग विल्यमनेच नोंदवून ठेवला आहे.

त्याचे प्रवासवर्णन १७९१ मध्ये फिलाडेल्फियात छापले गेले. कोलरिज आणि वर्ड्‌स्वर्थ यांनी ते आवडीने वाचले आणि फ्लोरिडातील उसळत्या झऱ्यांची त्यातील वर्णने इंग्रजी काव्यात झिरपली. गुलामगिरीविरुद्ध त्याने लिहिलेला एक मसुदाही त्याच्या कागदपत्रांत आहे. तो सार्वजनिक झाला असता तर बरे झाले असते.


तळटीप

क्वेकर कुटुंबांच्या इतिहासात इतके बारीक तपशील कुठून मिळतात, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पंथाची रचनाच याला कारण आहे. प्रत्येक गावची मंडळी महिन्यातून एकदा कामकाजाची सभा भरवत आणि त्या मासिक सभेच्या वहीत जन्म, मृत्यू, लग्नाचा इरादा, लग्नाला हजर असलेल्यांच्या सह्या, दुसऱ्या गावी जाणाऱ्याचा दाखला आणि सदस्यांचे अपराध हे सारे लिहिले जाई. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत जशी सात पिढ्यांची नावे सापडतात, तशी इथे सापडतात, फरक एवढाच, की इथे कोण किती दारू प्यायला आणि कोणी पंथाबाहेर लग्न केले, हेही वाचायला मिळते.

जुन्या नोंदी वाचणाऱ्याला एक सूचना द्यावीशी वाटते. महिन्यांची प्रचलित नावे रोमन देवतांवरून आलेली म्हणून क्वेकर ती वापरत नसत. ते पहिला महिना, दुसरा महिना असे लिहीत. १७५२ पूर्वी इंग्रजी राज्यात वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि पहिला महिना म्हणजे मार्च असे. त्या वर्षी दिनदर्शिका बदलली आणि पहिला महिना जानेवारी झाला. हे ध्यानात न ठेवल्यास जन्मतारीख दोन महिन्यांनी आणि कधी कधी वर्षानेही चुकते.

आता दप्तरदार यांनी न लिहिलेल्या एका गोष्टीकडे वळतो. १७५८ मध्ये डार्बीच्या मासिक सभेने जॉन बार्ट्रमला सदस्यत्वातून काढून टाकले. कारण मतभेदाचे होते. येशूचे ईश्वरत्व तो मानीत नव्हता. ईश्वर एकच आहे, अशी त्याची ठाम श्रद्धा होती आणि निसर्गात त्याचीच रचना दिसते, असे तो म्हणे. सभेच्या मंडळींनी त्याला बरेच समजावले, तो बधला नाही. ही शिक्षा आपल्याकडील वाळीत टाकण्याइतकी कठोर नव्हती, कारण काढलेल्या माणसाला उपासनेला येऊन बसता येई. फक्त कामकाजात मत देता येत नसे आणि पंथाचा सदस्य म्हणवता येत नसे. बार्ट्रम त्यानंतरही रविवारच्या मौनसभेला जाऊन बसत राहिला. १७७० मध्ये त्याने घराच्या भिंतीवर एक दगड बसवला, ज्यावर एकमेव सर्वशक्तिमान ईश्वरालाच मी भजतो, अशा अर्थाच्या ओळी आणि स्वतःचे नाव कोरले आहे. ज्या पंथाने त्याला काढले, त्यांना हे वाचता येईल, हे त्याला नक्कीच ठाऊक असणार. २२ सप्टेंबर १७७७ रोजी तो वारला. पुरले मात्र डार्बीच्या क्वेकर दफनभूमीतच.

मला यात एक विरोधाभास जाणवतो. मधल्या पुरोहिताला न जुमानता स्वतःच्या अंतरीच्या प्रकाशाने चाल, असे शिकवणाऱ्या पंथाने तसे चालणाऱ्या माणसाला बाहेर काढले. दुसरीकडे, त्याची सारी कारकीर्द क्वेकर गोतावळ्यावरच उभी होती. लोगन, कॉलिन्सन, फॉदरगिल हे सगळे त्याच पंथाचे. लंडनच्या व्यापाऱ्याने पेनसिल्व्हेनियाच्या अनोळखी शेतकऱ्यावर भरवसा ठेवावा, याचे पहिले कारण दोघांची सभा एक होती, हेच असावे.


बागवान

फ्रँकलिनिया या झाडाचा उल्लेख अजून कसा आला नाही? माझ्यासारख्या झाडे लावणाऱ्या माणसाला बार्ट्रम हे नाव त्या झाडामुळेच माहीत आहे. ते चहाच्या कुळातील आहे एवढे वाचले होते. त्याची हकीकत कोणी सविस्तर लिहील का?


दप्तरदार

बागवान, आपण धागा योग्य ठिकाणी आणला. १ ऑक्टोबर १७६५ रोजी जॉन व विल्यम हे बापलेक जॉर्जियात अल्टामाहा नदीजवळ, फोर्ट बॅरिंग्टनच्या परिसरात, वाट चुकले. तिथे त्यांना एक अनोळखी झाड दिसले. फुले सरली होती. पुढच्या प्रवासात विल्यम पुन्हा त्या जागी गेला, तेव्हा त्याला पांढरी, सुवासिक, मध्ये सोनेरी केसरांचा झुबका असलेली फुले पाहायला मिळाली आणि त्याने बिया घरी आणल्या. १७८१ मध्ये किंग्सेसिंगच्या बागेत झाड फुलले. फ्रँकलिन हा बापाचा स्नेही, म्हणून झाडाला त्याचे नाव दिले आणि नदीचे नाव त्याला जोडले. ते नाव प्रथम छापले हंफ्री मार्शल याने १७८५ मध्ये. मार्शल जॉनचा मावसभाऊ, तोही क्वेकर आणि गवंडीकाम करता करता वनस्पतीशास्त्रज्ञ झालेला.

मूळ जागी हे झाड फारच थोड्या क्षेत्रात होते. १८०३ मध्ये जॉन लायन या संग्राहकाने ते रानात पाहिले, त्यानंतर कोणालाही ते तिथे आढळले नाही. जगात आज जिथे कुठे फ्रँकलिनिया उभे आहे, ते बार्ट्रम कुटुंबाने वाढवलेल्या रोपांचे वंशज आहे. चहा आणि कॅमेलिया ही त्याची भावकी. फुले उन्हाळ्याच्या अखेरीस येतात, आणि पाने गळण्याआधी लाल होतात तेव्हा काही फुले झाडावरच असतात. मुळे नाजूक असल्याने एकदा लावलेले झाड हलवलेले त्याला चालत नाही आणि पाणी साचलेले तर मुळीच नाही. कोकणच्या पावसात त्याचा निभाव लागेल, असे मला वाटत नाही.

फ्रँकलिनची मैत्रीही नुसती नावापुरती नव्हती. लंडनहून १७७० मध्ये त्याने बार्ट्रमला चिनी सोयाबीनचे दाणे पाठवले आणि चीनमध्ये त्यापासून ‘टाऊ-फू’ नावाचे एक प्रकारचे पनीर करतात, असे कळवले. टोफूविषयी अमेरिकेत पोचलेल्या अगदी आरंभीच्या लेखी उल्लेखांत हे पत्र मोडते.


जुनेलेख

मूळ लेखात ‘एका नातीकडून’ असा ओझरता उल्लेख आहे. तो विस्ताराने यावा, असे मला वाटते.

पहिली गोष्ट अ‍ॅन मेंडेनहॉलची. बिया शरद ऋतूत पिकतात, म्हणून जॉन सुगी उरकली की घोड्यावर बसून कित्येक आठवडे बाहेर असे. त्या काळात शंभर एकरांची शेती, गडीमाणसे, गुरे आणि अर्धा डझन मुले कोण सांभाळत होते, याचा विचार चरित्रकारांनी फार उशिरा केला. दगडावर दोघांची नावे शेजारी शेजारी कोरली आहेत, ती उगाच नव्हेत.

जॉननंतर बाग धाकट्या जॉनकडे (१७४३-१८१२) आली. अविवाहित विल्यम त्याच्याबरोबर राहिला. दोघांनी मिळून १७८३ मध्ये अमेरिकन झाडांची एका मोठ्या कागदावर छापलेली यादी काढली, जी त्या देशातील रोपवाटिकांच्या पहिल्या छापील यादींत गणली जाते. बाग आता रीतसर धंदा झाली होती. थोरला सावत्र भाऊ आयझॅक आणि सख्खा भाऊ मोझेस यांनी फिलाडेल्फियात औषधांचे दुकान थाटले. म्हणजे वनस्पतींचा नाद घरातील बहुतेकांत होता, प्रत्येकाने त्याचे रूप वेगळे केले. १७८२ मध्ये विल्यमला विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले गेले, त्याने कधी शिकवले नाही. मात्र बागेत येणाऱ्याला तो दिवसभर शिकवी. शेजारच्या शाळेतला स्कॉटिश मास्तर अलेक्झांडर विल्सन त्याच्याच उत्तेजनाने पक्षी चितारू लागला आणि अमेरिकन पक्षीशास्त्राचा आद्य पुरुष ठरला. अमेरिकन कीटकशास्त्राचा पाया घालणारा थॉमस से हा तर जॉनच्या मुलीकडून पणतू. मुलींकडून आलेला हा वारसा आडनाव शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

धाकट्या जॉनची मुलगी अ‍ॅन (१७७९-१८५८) हिने झाडे ओळखणे, चितारणे आणि वाढवणे हे सारे काका विल्यमकडून उचलले. तिचे लग्न १८०९ मध्ये रॉबर्ट कार या मुद्रकाशी झाले. भाऊ असूनही बाग तिच्याकडे आली आणि पुढची जवळपास चार दशके कार पतीपत्नीने ती चालवली. काचघरे वाढवली, परदेशी झाडे आणली, दूरदूरच्या मागण्या पुरवल्या. म्हणून बार्ट्रम घराण्याची तिसरी पिढी म्हणताना तिचे नाव पहिले घ्यावे.


पिंपळपान

जुनेलेख यांचा प्रतिसाद वाचून एक जुनी नोंद आठवली. १७८७ मध्ये राज्यघटनेच्या परिषदेसाठी फिलाडेल्फियाला आलेले जॉर्ज वॉशिंग्टन ही बाग पाहायला गेले होते आणि रोजनिशीत त्यांनी लिहिले, की पुष्कळ कुतूहलजनक झाडेझुडपे आहेत, परंतु मांडणीत फारशी अभिरुची नाही आणि बाग मोठीही नाही. मला यात बार्ट्रमांची स्तुतीच दिसते. झाडाला जिथे मानवेल तिथे ते लावायचे, पाहुण्याच्या डोळ्यांसाठी रांगेत उभे करायचे नाही, असा त्यांचा खाक्या असावा. कार पतीपत्नीनंतर बागेचे काय झाले?


दप्तरदार

अ‍ॅन व रॉबर्ट कार कर्जात आले आणि १८५० मध्ये त्यांना जागा विकावी लागली. घेणारा अँड्र्यू ईस्टविक हा रशियाच्या झारसाठी रेल्वे इंजिने बांधून श्रीमंत झालेला कारखानदार. अशा माणसाच्या हाती नदीकाठची जागा गेली, की तिथे धक्के आणि गोदामे उभी राहणार, हे त्या काळात गृहीतच होते. ईस्टविकने मात्र वरच्या बाजूला स्वतःचा मोठा वाडा बांधला आणि जुनी बाग तशीच राखली. त्याने माळी म्हणून ठेवलेला थॉमस मीहान हा इंग्रज तरुण पुढे स्वतः नामवंत वनस्पतीतज्ज्ञ आणि रोपवाटिकेचा मालक झाला. १८७९ मध्ये ईस्टविक वारल्यावर जागेवर पुन्हा संकट आले. तोवर मीहान फिलाडेल्फियाच्या नगरपरिषदेवर निवडून गेला होता. बाग शहराने घ्यावी म्हणून त्याने सतत पाठपुरावा केला आणि हार्वर्डच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानाचा प्रमुख चार्ल्स सार्जंट याने त्याला साथ दिली.

१८९१ मध्ये बाग शहराच्या ताब्यात आली. दोन वर्षांनी बार्ट्रमच्या वंशजांनी जॉन बार्ट्रम असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि शहराबरोबर तीच आजही बागेची व्यवस्था पाहते. दगडी घर, १७७० चा कोरीव दगड आणि फ्रँकलिनियाची झाडे तिथे पाहता येतात. १७८० च्या दशकात लावलेले गिंको हे मूळ चीनमधील झाड उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुने गिंको मानले जाते, तेही तिथेच आहे. फिलाडेल्फियाच्या मध्यभागातून ट्रॉलीने थेट जाता येते. फ्रँकलिनिया फुललेले पाहायचे असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावे.